वल्हेवालीचा पहिला डाव

माझ्या बायकोचे गुडघे गेले आणि ती टीव्हीला लागली. मालिका तिला आवडायच्या नाहीत. म्हणायची, ह्या बाया दिवसभर दागिनं घालून एकमेकींच्या वाईटावर असत्यात, भाकरी कोण करतं ह्यांच्या घरात? मग नातीनं तिला जपानी कार्टून लावून दिलं. नात आमच्याकडं राहून कॉलेज करते. मुलगा आणि सून पुण्याला नोकरीला. 'आबा, कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात त्याला,' असं ती मला दर वेळी सांगते आणि मी दर वेळी कार्टूनच म्हणतो.

त्या कार्टूनमध्ये एक मोठी नदी होती आणि नदीकाठच्या गावागावांत लढणारे लोक. हिंदीत बोलायचे. नायक म्हणजे एक पोरगा, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, मुठी आवळल्या की मुठीतून धूर निघायचा. सगळ्या जगाला तो आवडतो म्हणे. माझ्या बायकोला आवडली ती भलतीच. कंबरेत वाकलेली एक म्हातारी, नाव चालवणारी. पाठीवर वल्हं. चोर असो, साव असो, सगळ्यांना नदीपार सोडायची. तोंडातून शब्द काढायची नाही.

"ही बया खरी हाय," बायको म्हणायची. "कुणी अंगावर आलं की वल्हं आडवं धरती. त्यानं हाणलं की त्याचं त्यालाच परत."

मी तेव्हा नुसता ऐकायचो. मला कार्टूनमध्ये रस नव्हता. चिंचोळीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जन्म गेला माझा. रिटायर झाल्यावर मला कट्टा आणि चहा बरा वाटायचा.

मग बातमी आली की त्या कार्टूनवरून कुस्तीचा गेम निघणार. म्हणजे त्यातले सगळे लढणारे गेममध्ये येणार, आणि आपण त्यातला एक निवडून दुसऱ्याशी लढायचं. पण कंपनीनं सगळे एकदम सांगितले नाहीत. थोड्या थोड्या दिवसांनी एकेकाचा ट्रेलर सोडायचे, हा येणार, तो येणार. लोक वाट बघत बसायचे. त्या लोकांत आमची मंडळीपण होती. नात कॉलेजातून आली की हिचा पहिला प्रश्न, "माझी आली का गं?"

"नाही आज्जी. आज मांजरीवाल्याचा ट्रेलर आला."

"त्यो मेला काय लढतोय? मांजरी सांभाळतोय नुसता. माझ्या म्हातारीला घ्या म्हणावं."

"कुणाला म्हणू?"

"तुज्या फोनात असतील की कोणतरी."

उन्हाळ्यात ती गेली. सकाळी चहा घेतला, पाठीत कळ येते म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ह्याच्यापुढं त्याबद्दल मी लिहीत नाही. जमत नाही.

दहावा आमच्या गावी केला, होटगीजवळ, तळ्याच्या काठावर. पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला, बाजूला तिच्या आवडीची शेंगाची चटणी आणि कडक भाकर. आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळे बसलेले होते, चांगले चार-सहा. एक खाली येईना.

आमच्यात असं की, कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशाततरी अडकलाय. मग जवळच्यांनी पुढं होऊन सांगायचं, तुझं हे करू, ते करू, तू निवांत जा. मुलगा पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आई, आबांना मी सांभाळीन." कावळे बसून राहिले. मला कुणी सांभाळावं हे तिलाच पटलं नसणार. मग माझा मेहुणा पुढं झाला, तिचा धाकटा भाऊ. शेती करतो, टोपी घालतो, तोंडाचा फटकळ आहे. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "अक्का, दरवर्षी तुज्या नावानं अक्कलकोटला जाऊन यीन." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतला. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, तो शेवटचा उपाय. बाई अशी कशाततरी अडकून राहणार आणि आम्ही गवताचा कावळा करून घरी जेवायला जाणार.

तेवढ्यात नात माझ्या कानाशी आली. "आबा, परवा ट्रेलर आला. म्हातारी आली गेममध्ये. आज्जीला कळायचं राहिलं."

मी पुढं झालो. माझ्या मागं सगळं गाव उभं. मी म्हणालो, "अगं, तुझी म्हातारी आली बघ खेळात. वल्ह्यासकट आली."

एक कावळा खाली आला. पिंडापासून हातभर लांब थांबला. मान तिरकी करून बघत राहिला. पुढं येईना, मागं जाईना. आता ह्याला अजून काय सांगावं? मी बोलून गेलो, "मी स्वतः खेळतो तिला घेऊन. चारचौघांत जिंकून दाखवतो."

कावळ्यानं चोच मारली. मग बाकीचे उतरले.

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. "झालं मनासारखं. आता शब्द दिलाय तेवढा पाळा."

जेवताना मेहुणा माझ्या शेजारी बसला. "दाजी, असला शब्द कोण देतंय वो? साडी वाटतो म्हणायचं, गोग्रास घालतो म्हणायचं. हितं पिंडापुढं कार्टूनची कुस्ती?"

"साडीला कावळा आला असता तर मी कशाला बोललो असतो?"

"तुमाला येतंय का त्ये?"

"न्हाय."

"मग?"

"मग शिकायचं."

मी काही लई देवधर्म करणारा माणूस नाही. पण त्या काठावर बोललेलं खोटं पडलं असतं तर मला भाकर गिळली नसती. ती आयुष्यात माझ्याकडं काही मागत बसली नाही. मागितलं ते हे, आणि तेही कावळ्याकरवी.

दिवाळीच्या आधी गेम आला. दिवाळी आम्हाला नव्हतीच त्या वर्षी. मुलानं पुण्याहून मित्राचं जुनं मशीन आणून टीव्हीला जोडून दिलं. गेम दुकानातून आणायचा नव्हता, वायफायवरून घरीच उतरवायचा होता. त्याला सगळी सकाळ गेली. मधेच लाईट गेली. आली तेव्हा मी घरातला पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, फ्रिजची पिन काढली.

"आबा, हे काय करताय?"

"सगळी लाईट त्या मशीनला जाऊ दे. लवकर उतरंल."

नात भिंतीला टेकून हसली. आज्जी गेल्यावर पहिल्यांदा. मी पंखा लावला नाही.

गेम आला आणि जगभर बोंबाबोंब झाली. नात दुपारी मला फोनमधलं वाचून दाखवायची. चित्रं झकास केली आहेत, असं सगळे म्हणत होते. धूरवाला तर कार्टूनपेक्षा भारी दिसतो म्हणे. पण ऑनलाइन खेळायला गेलं की मधेच तुटायचं, आणि त्यावर लोक कंपनीला शिव्या घालत होते. हिंदीत आवाज दिलेले नाहीत, म्हणून आपल्याकडची पोरं चिडली होती.

"मग आपली म्हातारी जपानीत बोलती?"

"ती बोलतच नाही, आबा."

"व्हय की."

लोकांनी लढणाऱ्यांची उतरंड लावली होती, कोण सगळ्यात भारी आणि कोण सगळ्यात फालतू. धूरवाला वर. मांजरीवाला मधे. म्हातारी सगळ्यात खाली. एकानं लिहिलं होतं, हिला घेतलं म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच हरलात. पुढचं वाचताना नात थांबली.

"वाचू का नको?"

"वाच."

"हिला वृद्धाश्रमात ठेवा, असं लिहिलंय."

"कोण हाय त्यो? नाव काय?"

"खरं नाव नाही, टोपणनाव आहे."

"बापानं ठेवलेलं नाव लावायला लाजतोय आणि म्हातारीला बोलतोय."

मी खेळायला बसलो. हातात धरायचं ते कंट्रोलर, दोन्ही अंगठ्यांनी चालवायचं. पेट्यांना पट्ट्या आवळून आवळून माझे अंगठे वाकत नाहीत. नात शेजारी बसून ओरडायची. "आबा, बटण दाबायचं, चेपायचं नाही. भाकरीचं पीठ मळताय का?" सगळ्यात सोपी लेव्हल लावली होती, जिथं समोर माणूस नसतो, मशीनच लढतं. त्या मशीननं मला रोज लोळवलं. मी वल्हं उगारायचो. वल्हं वर जाऊन खाली येईपर्यंत धूरवाला ठोसे मारून मोकळा.

एक दिवस नात वैतागली. "ही मारायला नाहीच. ही कशी लढते ते तुम्ही बघितलंय का कधी? सिरीयल बघितलीय तुम्ही?"

नव्हती बघितली. म्हणून मग बघितली. पहिल्या भागापासून, बायकोच्या कॉटवर बसून, तिची उशी पाठीला लावून. कॉलेजला सुट्टी असली की नात खाली चटईवर बसायची, जशी तिच्यापाशी बसायची तशी. मधेच सांगायची, "इथं आज्जी हसली होती." "इथं आज्जीला डुलकी लागली, मग दुसऱ्या दिवशी परत लावायला लावलं मला." एका ठिकाणी म्हणाली, "इथं ती म्हणाली, तुझ्या आबाला दाखवला पाहिजे हा माणूस, डिट्टो त्यांच्यासारखा आहे." मी निरखून बघितलं. टकला एक हमाल होता, सारखा कुरकुरत होता.

आणि म्हातारी दिसली. बायको सांगायची तशीच. कुणी चाल करून आलं की ही हलत नाही. वल्हं छातीसमोर आडवं. मारणारा मारतो आणि नदीत पडतो. मग ही त्याला तळहातानं बोलावते, ये, बस नावेत, म्हणून. कार्टूनमध्ये त्या बोलावण्यानंच समोरचा जास्त पेटतो.

दुसऱ्या दिवशी मी वल्हं उगारणं बंद केलं. आडवं धरायला शिकलो. ते कधी धरायचं हीच सगळी गोम. आधी धरलं तर समोरचा थांबून बघतो, उशिरा धरलं तर थोबाड फुटतं. ठोसा निघाला की धरायचं. त्यासाठी अंगठा वळायला लागत नाही, धीर लागतो. धीर माझ्याकडं उरलेलाच होता, दुसरं काही उरलं नव्हतं. मशीनला हरवलं. मग वरच्या लेव्हलला हरवलं. मग एका दुपारी नातीला हरवलं, आणि ती खोटंखोटं हरली नाही, कारण चिडून ताट न उचलता आत गेली.

मेहुणा ज्वारी घेऊन आला तेव्हा मी खेळतच होतो. दारातच थांबला. "दाजी, अक्काला जाऊन वरीस झालं न्हाय. दुखवट्याच्या घरात खेळ?"

"तुमच्या अक्कासाठीच चाललाय. स्पर्धेत उतरायचंय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी कावळा बोलवून दाखवावा."

तो पोतं ठेवून बसला. थोड्या वेळानं पुढं सरकला. मग अजून पुढं. "मारा की वो. मारा की दाजी. काय ध्यान लावून बसल्यासारखं?" समोरच्यानं ठोसा टाकला, म्हातारीनं वल्हं आडवं केलं, तो उताणा. जाताना मेहुण्यानं चपला घालून विचारलं, "स्पर्धा कधी हाय म्हणला?"

स्पर्धा सात रस्ता चौकाकडच्या एका गेमिंग कॅफेत होती. नवा गेम आला म्हणून मालकानं ठेवलेली. नातीनं माझं नाव आधीच दिलं होतं. गर्दी पोरापोरींची, एसीचा गारठा, एका भिंतीवर मोठा पडदा. मालक भला माणूस. "काका, बसा ना. नातीला सोडायला आलात?"

"खेळायला आलोय."

त्यानं नातीकडं बघितलं. तिनं मान हलवली. "कुठलं कॅरेक्टर घेणार, काका?"

"वल्हेवाली."

आसपासच्या पोरांत कुजबुज झाली. एकजण कळवळून म्हणाला, "काका, धूरवाला घ्या. तो आपोआप जिंकतो, काही करावं लागत नाही."

"काही करायचं नसतं तर घरी बसलो असतो."

मेहुणा गावाकडून मुद्दाम आला होता. पांढरी टोपी, हातात पिशवी, सगळ्यात पुढं उभा. ह्याच्यापुढं हरलो असतो तर सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत बोभाटा झाला असता. पण माझ्या डोक्यात पाव्हणे नव्हते. पिंडापुढं मी चारचौघांत म्हणालो होतो, आणि हे चारचौघे समोर उभे होते. आज नाही जमलं तर पुन्हा अशी जागा कधी मिळणार, आणि तोवर माझे हात राहणार का?

समोर एक गुबगुबीत पोरगा बसला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बोटं विजेसारखी. धूरवाला घेतला. मला हळूच म्हणाला, "काका, सावकाश खेळू का?"

"सावकाश खेळलास तर कानाखाली वाजवीन."

तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो पुढं. पहिली फेरी सुरू झाली. पडदा मोठा, आवाज मोठा, मी सगळं विसरलो आणि वल्हं उगारत सुटलो. पोरानं मला झोडपलं. फेरी संपली तेव्हा कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मेहुणा बोलला. "दाजी, ध्यान लावा. घरी लावत होता तसं."

दुसरी फेरी सुरू झाली. मी अंगठे सैल सोडले. पोरगा धावत आला, मूठ निघाली, मी वल्हं आडवं केलं. धूरवाला उडून नदीत. पुन्हा आला. पुन्हा आडवं. मागं कुणीतरी 'अय्यो' म्हणालं. त्याला सवय होती पटापट मारायची, आणि जितक्या जोरात तो मारायचा तितक्या जोरात ते त्यालाच लागायचं. ती फेरी मी घेतली. आता कॅफेतले इतर खेळ थांबले होते, सगळे आमच्या पडद्यापाशी जमले.

तिसऱ्या फेरीला पोरगा शहाणा झाला. जवळ येईचना. लांब उभा राहून धुराचे लोट सोडायला लागला. ते मला लागत होते, थोडे थोडे, पण लागत होते. मी चालत जावं तर तो मागं सरणार. म्हातारी चालणार किती? तिचा जीव खाली उतरायला लागला, पडद्यावरची जीव दाखवणारी पट्टी अर्ध्याच्या खाली आली.

त्या कंट्रोलरवर एक बटण आहे, त्यानं काही लागत नाही. म्हातारी नुसती तळहातानं बोलावते, ये, बस नावेत. नातीनं शिकवताना सांगितलं होतं, हे बिनकामाचं आहे, उगाच दाबू नका. मी ते दाबलं. सगळी पोरं हसली. परत दाबलं. जास्त हसली. समोरच्या पोराचे कान लाल झाले. "काका, असं नका ना करू," म्हणाला. मी तिसऱ्यांदा बोलावलं. आणि तो आला. धावत, दोन्ही मुठी वर, सगळ्यात मोठा ठोसा घेऊन आला.

मी वल्हं आडवं केलं.

मग जो आवाज झाला तो मी गावच्या जत्रेत, निकाली कुस्ती झाल्यावर ऐकला होता, बंद खोलीत कधीच नाही. पोरं टेबलं बडवत होती. 'म्हातारी, म्हातारी' चाललं होतं. मेहुण्यानं टोपी काढून हवेत उडवली आणि ती एसीवर जाऊन पडली. नात माझ्या गळ्यात पडून रडत होती. तो गुबगुबीत पोरगा उठला, माझ्या पाया पडला. मी मनात म्हणालो, झालं बघ तुझं. छातीतून काहीतरी मोकळं झालं, आणि त्याच जागी लगेच दुखलं. आता तिचं माझ्याकडं काही बाकी राहिलं नव्हतं.

मी कंट्रोलर ठेवला आणि चपला शोधायला लागलो.

"काका, कुठं?" मालक म्हणाला. "पुढचा डाव आहे तुमचा."

"अजून खेळायचं?"

"जिंकलात ना. जिंकणाऱ्याला पुढं खेळावं लागतं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शब्द एका विजयाचा होता, पुढचं मी धरलंच नव्हतं. पुन्हा बसलो. समोर काटकुळा एक पोरगा, चष्म्यातला. आधीचा डाव बघून त्यानंही म्हातारीच घेतली. पडद्यावर दोन वल्हेवाल्या समोरासमोर. त्यानं वल्हं आडवं धरलं. मी वल्हं आडवं धरलं. कुणीच हलेना. नळावर भांडायला आलेल्या दोन बाया, आधी तोंड कोण उघडतं ते बघत उभ्या. वेळ चालला. पोरं खिदळायला लागली. मेहुणा म्हणाला, "हितं मुक्काम करायचा का?"

मी मारलं असतं तर मलाच लागलं असतं. पण आडव्या वल्ह्याला एक तोड आहे. जवळ जाऊन धरून उचललं तर वल्हं काही करू शकत नाही. मी चालत गेलो, तिला कंबरेत धरलं, उचलली आणि आपटली. पोरगा गडबडला. उठली तशी परत आपटली. दोन्ही फेऱ्या माझ्या.

तिसऱ्या डावात एका धूरवाल्यानं मला धुऊन काढलं. चांगला खेळत होता. मी त्याची पाठ थोपटली. आम्ही निघालो तेव्हा दोन मशीनवर पोरं वल्हेवाली घेऊन बसली होती आणि वल्हं कधी आडवं धरायचं ह्यावर भांडत होती.

रिक्षात मेहुणा गावाकडं फोन लावून बसला. "व्हय, आपल्या दाजींनीच. दोघांना लोळवलं. न्हाय, काठी न्हाय, वल्हं." तिसऱ्या डावाचं त्यानं सांगितलं नाही, मीही आठवण केली नाही.

नात मधे बसली होती. म्हणाली, "आबा, दुसऱ्या डावात तुम्ही आधी चालून गेलात. आज्जीची म्हातारी कधी आधी जात नाही."

"तुज्या आज्जीचा डाव पहिला होता. त्यो तिच्यासारखा खेळलो."

"आणि दुसरा?"

"त्यो माझा."

तिनं फोन काढला आणि पुढची स्पर्धा कुठं आहे ते बघायला लागली. मी नको म्हणालो नाही.